चुकलो तर टिळकांच्या पुतळ्यापाशी

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात दर एप्रिलमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. "नातवंडं येणार आहेत हो सुट्टीला, त्यांना न्यायचं कुठे?" मग जो तो आपापली यादी सांगतो. पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर फार डोकं चालवावं लागत नाही. सारसबागेत न्या, तळ्यातल्या गणपतीला नमस्कार करायला लावा, शेजारी पेशवे पार्क आहेच. सोळा-सतरा वर्षांचं असेल तर तोही प्रश्न मिटलेला असतो, कारण ते आपल्याबरोबर येतच नाही. खरी अडचण मधल्यांची. अकरा-बारा वर्षांची ही मंडळी घसरगुंडीला हसतात आणि नाटक-सिनेमाला कंटाळतात. बरोबर चालतात ती चार पावलं पुढे किंवा चार पावलं मागे. कुठे जायचं विचारलं तर उत्तर येतं, "कुठेही." आणि नेल्यावर, "इथे काय आहे?"

माझी नात सध्या याच वयात आहे. अकरा पूर्ण, बारावं चालू. मुलगी-जावई बाणेरला राहतात, मी कोथरूडला. दोघांच्या नोकऱ्यांमुळे एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी ती माझ्याकडे असते. गेल्या दीड वर्षात आम्ही दोघी मिळून पुष्कळ पुणं फिरलो. त्यातून माझं एक मत तयार झालं आहे, ते आज लिहिते. मुलीला ते अजूनही पूर्णपणे मान्य नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझं मत असं की या वयाच्या मुलांना आपण कुठे नेऊच नये. त्यांनी आपल्याला न्यावं.

आता हे शहाणपण मला काही पहिल्या दिवशी सुचलं नाही. पहिल्या तीन-चार शनिवारी मी तेच केलं, जे आयुष्यभर शाळेत करत आले. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. त्यात सहली किती काढल्या ते मोजलेलं नाही. दोन-दोनच्या रांगा, हातात हात, पुढे शिट्टी, मागे शिपाई. परत आल्यावर सोमवारी 'आमची सहल' हा निबंध. चाळीसपैकी पस्तीस निबंध "आम्ही सकाळी सहा वाजता शाळेच्या पटांगणात जमलो" असे सुरू व्हायचे आणि "आम्हाला खूप मजा आली" असे संपायचे. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की जमलो आणि मजा आली या दोन वाक्यांच्या मध्ये मुलांच्या हाती काही लागलेलं नाही. पण आम्ही शिक्षक शुद्धलेखन तपासत बसलो. असो.

तर पहिल्या शनिवारी नातीला घेऊन शनिवारवाड्यात गेले. दिल्ली दरवाज्यापाशीच माझी टकळी सुरू झाली. वाडा १७३२ चा, पहिला बाजीराव, दरवाज्यावरचे खिळे, १८२८ ची आग. ती बिचारी शहाण्या मुलीसारखी ऐकत होती. पाऊण तासाने म्हणाली, "आजी, यावर नंतर प्रश्न विचारणार आहेस का?"

मी गप्प झाले. परतीच्या रिक्षातही फार बोलले नाही.

पुढच्या खेपेला ठरवलं की आपण तोंड उघडायचं नाही. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला गेलो. आठव्या शतकातली राष्ट्रकूटांच्या काळची ही लेणी, एकाच खडकात वरून खाली खोदत नेलेली. मधोमध गोल नंदीमंडप, तोही त्याच खडकातला. रस्त्यावरून रोज हजारो गाड्या जातात, पण आत दोन पायऱ्या उतरलं की गारवा लागतो. मी कठड्यावर बसून राहिले. ती मंडपाभोवती फिरली, खांबांच्या मागे गेली, कुठे खडक अर्धवट सोडला आहे तिथे हात लावून आली. मग माझ्यापाशी येऊन विचारलं, "आजी, एवढा सगळा दगड खणून काढला, तो त्यांनी टाकला कुठे?"

मी या लेण्यांत वर्गच्या वर्ग आणलेले आहेत. खोदकामाचा काळ, शैली, सगळं फळ्यावर लिहून दिलेलं आहे. पण तो काढलेला दगड कुठे गेला असेल, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. तिला तो सुचला, कारण त्या दिवशी तिला कुणी माहिती देत नव्हतं. बाहेर आल्यावर मग तो दगड हा आमचा खेळच झाला. जुन्या भिंती, देवळांचे चौथरे दिसले की ती म्हणायची, "हा तो असेल का?"

बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणखी एक गोष्ट शिकले. एवढं मोठं संग्रहालय सगळं बघायला गेलात तर मूल तासाभरात मान टाकतं, आणि माझ्या वयाची माणसं त्याच्याही आधी. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत तिथे. दिनकर गंगाधर केळकरांनी त्या गावोगाव हिंडून जमवल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. एवढंच मी दारात सांगितलं आणि पुढचं तिच्यावर सोपवलं. अट एकच. सगळं मिळून एक वस्तू घरी न्यायची परवानगी मिळाली तर कुठली नेशील, ते मला शेवटी दाखवायचं.

काय फरक पडला म्हणून सांगू! मस्तानी महालापाशी सगळे थबकतात, ही सरळ पुढे गेली. दिवे बघितले, कुलपं बघितली, वाद्यांपाशी रेंगाळली. दोनदा निर्णय बदलला. शेवटी एका अडकित्त्यापाशी मला घेऊन गेली. कारण काय, तर "ही एवढीशी सुपारी फोडायची वस्तू. कुणी बघणारही नाही. तरी त्याने ती इतकी छान केली." मग मला म्हणाली, "आता तू निवड." मी चाळीसाव्या वर्षापासून त्या संग्रहालयात जाते आहे, मला कुणी कधी निवडायला सांगितलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या वस्तूंमधली एक किसणी निवडली. तिला ती अजिबात पसंत पडली नाही.

कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तिला आवडलं, पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या मला झेपल्या नाहीत, ती एकटीच वर जाऊन आली. या दोन्हींबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

मॉलबद्दल मात्र दोन शब्द लिहायला हवेत, कारण फिरायच्या मंडळात निम्म्या जणांचं उत्तर तेच असतं. मी मॉलच्या विरोधात नाही. उन्हाळ्यात तिथे गार असतं, स्वच्छतागृह असतं आणि बसायला जागा असते. माझ्या वयाला या तीन गोष्टी फार महत्त्वाच्या. बाकी शहराने त्या आम्हाला दिल्या नाहीत, हे शहराचं पाप. पण अकरा वर्षांच्या मुलाला तिथे काम काय? पैसे आपण द्यायचे, खेळाचं तिकीट आपण काढायचं, मूल उड्या मारून येणार आणि आपण पिशव्या धरून बसणार. तिथे रस्ता चुकायची सोय नाही की कुणाशी बोलायची गरज नाही. चार वर्षांच्या मुलाला हे ठीक आहे. अकरा वर्षांच्या मुलाला आपण अजून चार वर्षांचंच समजतो, असं त्यातून त्याला कळतं आणि मग ते तोंड पाडून बसतं. आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना कशाचं कौतुकच नाही.

त्यानंतर मी सूत्रं तिच्या हातात दिली. शुक्रवारी रात्री तिने ठरवायचं कुठे जायचं, कसं जायचं, किती वाजता परतायचं. तीनशे रुपये तिच्या पाकिटात. तिकीट तिने काढायचं, रस्ता तिने विचारायचा, माझ्या गुडघ्यांचा विचारही तिनेच करायचा. पहिल्या दिवशी तिने पीएमपीची चुकीच्या दिशेची बस पकडली. मला चढतानाच कळलं होतं. बोलले नाही. चार थांबे गेल्यावर तिच्या लक्षात आलं. चेहरा लाल झाला, पण उठून कंडक्टरला विचारलं, मला उतरवलं, रस्ता ओलांडून परतीच्या थांब्यावर आणलं. चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत ती जे शिकली ते मला चाळीस तासिकांत शिकवता आलं नसतं.

मेट्रो आल्यापासून तर आमची चंगळच आहे. पुण्यात ती ६ मार्च २०२२ ला सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही जमिनीखालची वाट खुली झाली. आम्ही आयडियल कॉलनीला चढतो. डेक्कनच्या पुढे गाडी मुठेच्या कडेकडेने जाते. मग जिल्हा न्यायालयाला उतरून सरकत्या जिन्यांनी खाली, खाली आणि आणखी खाली जायचं. जमिनीखाली सुमारे तेहतीस मीटर. तिथून स्वारगेटची गाडी पकडली की बोगदा मुठेच्या पात्राखालून कसब्यात निघतो. हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती वर छताकडे बघत म्हणाली, "म्हणजे आत्ता नदी आपल्या डोक्यावर आहे?"

मी हो म्हणाले आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

त्याचं कारण सांगायला मला जरा मागे जावं लागेल. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी तिच्याच वयाची होते. आम्ही शनिवार पेठेत ओंकारेश्वराजवळ एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. सकाळी पाणी वाढल्याची बातमी आली. वडील कामावर गेलेले, आजी अंथरुणाला खिळलेली. आईने माझ्या हातात आठ वर्षांच्या भावाचा हात दिला आणि सांगितलं, "याला घेऊन शुक्रवारात आत्याकडे जा. थांबू नकोस. आम्ही मागून येतो." मी त्याला ओढत निघाले. लोक सैरावैरा पळत होते, मोठ्या रस्त्यावर गर्दी लोटलेली. मी गल्ल्यांतून गेले. कुठल्या वाड्याला मागचं दार आहे, कुठला बोळ अप्पा बळवंत चौकाच्या जवळ निघतो, हे मला पाठ होतं, कारण दळण, रॉकेल, दूध ही सगळी कामं माझीच. विश्रामबागवाड्यापर्यंत आलो तेव्हा भावाच्या एका पायात चप्पल नव्हती. आत्याच्या दारात पोचलो आणि मग मी रडले. आई, वडील, आजी रात्री आले. शेजाऱ्यांनी आजीला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. वाड्याची एक बाजू गेली, त्यात आमच्या दोन्ही खोल्या. पुढची काही वर्षं आम्ही गावाबाहेर पूरग्रस्तांच्या वसाहतीत काढली.

ही गोष्ट मी नातीला डेक्कनच्या पुलावर, नदीतल्या घोटाभर पाण्याकडे बघत सांगितली. तिने फक्त एकच विचारलं. "तुला आईने एकटीला पाठवलं?"

हो, पाठवलं. पण त्यापुढची गोष्ट मी तिला लगेच सांगितली नाही. पुढच्या वर्षी मी बारा संपून तेरावीत गेले आणि माझं हिंडणं एकदम बंद झालं. "आता तू मोठी झालीस." दळणाला जायचं तर सोबत हवी, मैत्रिणीकडे जायचं तर सोबत हवी. सोबत कुणाची? तर त्याच भावाची, ज्याला मी पुरातून ओढत आणलं होतं! नऊ वर्षांचा तो, तीच माझी राखण. तो बिचारा माझ्यापुढे ऐटीत चालायचा आणि मी खाली मान घालून मागे. आज तो हे आठवून हसतो. मीही हसते, पण तितकी नाही.

म्हणून मला वाटतं, मुलगी दहा-बारा वर्षांची असते ती दोन-तीन वर्षं फार मोलाची आहेत. त्या आधी तिला शहर कळत नाही आणि त्यानंतर शहर तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतं. कुणी काही म्हणो, हे आजही आहे. मधल्या एवढ्याशा फटीत तिचे पाय या रस्त्यांवर रुळले पाहिजेत. रस्ता कुणाला विचारायचा, कुणाला नाही, रिक्षावाल्याशी कसं बोलायचं, धक्का लागला तर आवाज कसा चढवायचा, हे सगळं भीती बसायच्या आधी अंगवळणी पडलं पाहिजे. मुलग्यांनाही हे लागतंच, पण त्यांना ते उशिरा शिकायची मुभा मिळते.

आता मंडईचा प्रसंग. तो लपवून ठेवला तर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल.

गेल्या ऑक्टोबरमधली दिवाळीच्या आधीची गोष्ट. तिने बेत आखला होता. कसबा पेठ स्टेशनला उतरायचं, बुधवारातून चालत दगडूशेठ गणपती, मग मंडईत भाजी घ्यायची आणि रात्री तिच्या हातची पावभाजी. वाटेत मी तिला भिडेवाड्याची जागा दाखवली. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा तिथे काढली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, तिथे स्मारक व्हायचं ठरलं आहे. ती म्हणाली, "म्हणजे बघायला काही नाही." मी म्हटलं, "जागा आहे ना." (हे मात्र सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. शिक्षिका शेवटी.) मंडईत शिरताना दुसरी गंमत सांगितली. ही इमारत १८८६ मध्ये 'रे मार्केट' म्हणून उभी राहिली. महात्मा फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता आणि आज तिला नाव त्यांचंच आहे. यावर ती खूप हसली.

गर्दी मरणाची होती. आमचा नियम ठरलेला होता, "चुकलो तर टिळकांच्या पुतळ्यापाशी." मंडईतला लोकमान्यांचा पुतळा १९२४ चा, कुणालाही विचारा, सांगतो. ती यादी हातात घेऊन पुढे, मी मागे. तेवढ्यात एका बाईंनी मला वाकून नमस्कार केला. माझी जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः आजी झालेली. आम्ही बोलत उभ्या राहिलो. किती वेळ? मला वाटलं दोन मिनिटं. वळून बघते तर नात नाही.

त्या वेळी माझं काय झालं ते मला नीट लिहिता येणार नाही. जो नियम मी घालून दिला होता तो मीच विसरले. गाळ्यांमधून तिला हाका मारत फिरले, बाहेर तुळशीबागेच्या तोंडापर्यंत धावले, म्हणजे या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं. दिसेल त्याला विचारलं, निळा फ्रॉक घातलेली मुलगी पाहिली का. निळा फ्रॉक नव्हताच, पिवळा होता. शेवटी एका कांदेवाल्या मावशींनी मला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "काही ठरलं होतं का तुमचं, कुठं भेटायचं?"

पुतळ्यापाशी गेले तर ती उभी. एका हातात फ्लॉवर-वाटाण्याची पिशवी, दुसऱ्यात कोथिंबिरीची जुडी. वीस मिनिटं ती तिथून हलली नव्हती. डोळे भरलेले होते, पण आवाज ठाम. "आजी, मी नाही चुकले. तू चुकलीस."

अक्षरशः खरं होतं.

घरी आल्यावर मुलीला सांगितलं. न सांगण्याचा मोह झाला, नातही म्हणाली "नको सांगूस", पण तेवढ्यासाठीच सांगणं भाग होतं. मुलगी आधी काहीच बोलली नाही, मग खूप बोलली. "आई, तुझ्या वेळचं पुणं राहिलेलं नाही. तेव्हा गल्लीतली प्रत्येक बाई तुला नावाने ओळखत होती. हिला कोण ओळखतं? आणि या रस्त्यांवर मला स्वतःला भीती वाटते, तू तिला पुढे चालायला सांगतेस?" दोन महिने शनिवार बंद.

मी त्या दोन महिन्यांत तिच्या म्हणण्याचा विचार केला. तिचं बरंचसं बरोबर आहे. पदपथावर दुचाक्या चढतात, सिग्नल पाळणं लोकांनी सोडून दिलं आहे, रस्ता ओलांडणं हे बाजीराव रस्त्यावर काय नि लक्ष्मी रस्त्यावर काय, जीव मुठीत धरूनच करावं लागतं. शहरात मुलांना चालता येत नसेल तर ते मुलांच्या आयांचं चुकत नाही, हे मीही मानते. माझं सगळं भांडण आयांशी आणि महापालिकेला माफी, असं होता कामा नये. आणि गल्लीतल्या ओळखीच्या बायकांचं तर अगदीच खरं. मी पुरातून वाट काढली ती एकटीने काढली असं मला वाटत आलं, पण वाटेत दोन दारांतून माझ्या नावाने हाका आल्या होत्या, "इकडून जा गं," म्हणून.

पण एक गोष्ट मी मुलीलाही सांगितली. मंडईत त्या दिवशी घाबरून भलतीकडे पळाली ती पंचाहत्तर वर्षांची बाई होती. अकरा वर्षांची मुलगी ठरलेल्या जागी उभी होती. तिला हे जमलं ते आधीच्या दहा शनिवारांमुळे. घरात बसवून तिला ते येणार नव्हतं. आणि ती कांदेवाली मावशी? तिला तरी आमची कुठे ओळख होती?

मुलगी यावर काही बोलली नाही. जानेवारीत मात्र तिनेच एक कागद आणून दिला, वर नियम लिहिलेले. मोठे रस्ते दोघींनी मिळूनच ओलांडायचे. नातीच्या पाकिटात तिघांचे फोन नंबर. अडचण आली तर गणवेशातल्या माणसाला किंवा दुकानात बसलेल्या बाईला विचारायचं. आजीने विद्यार्थिनी भेटल्यास नातीचा हात धरून मगच बोलायचं. हा शेवटचा नियम नातीने घालायला लावला असा मला संशय आहे.

मागच्या शनिवारी अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेलो होतो. येताना जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनवर नातीने नवा अर्ज सादर केला. इथून घरापर्यंत तिला वेगळ्या डब्यात बसायचं होतं. गाडी तीच, फक्त डबा वेगळा, आणि मी तिला ओळखत नाही असं दाखवायचं. मी तिथूनच मुलीला फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "बरं. पण एकाच टोकाला उतरा."

ती पुढच्या डब्यात चढली, मी मधल्या. डेक्कनला गर्दी झाली आणि मला ती दिसेनाशी झाली. गरवारे कॉलेज गेलं, नळ स्टॉप गेलं. मी दांडा इतका घट्ट धरला होता की शेजारच्या मुलाने उठून मला जागा दिली. आयडियल कॉलनीला दारं उघडली. ती उतरली, पुस्तकांची पिशवी खांद्याला, आणि जिन्याकडे चालायला लागली. जिन्यापाशी पोचल्यावर तिने एकदा मागे वळून पाहिलं. मी ठरल्याप्रमाणे भिंतीवरची जाहिरात वाचत उभी होते.